डाळीच्या विहिरीचं ढेकूळ

मी एक ढेकूळ बोलतोय. पूर्णाकाठच्या काळ्या मातीचं, मुठीत मावेल एवढं. मी प्लास्टिकच्या बरणीत बसलोय आणि बरणीत गळ्यापर्यंत पोटॅशचं पाणी आहे. ही बरणी कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात, तुरीच्या डाळीच्या डब्याला लागून फळीवर असते. झाकणाभोवती पांढरा क्षार चढतो, तो त्या कधीमधी ओल्या फडक्यानं पुसतात.

आधीच सांगून टाकतो, मला हल्ली काही होत नाही. पाणी आत येत नाही, मी फुगत नाही, मला तडा जात नाही. उन्हाळा येवो की पावसाळा, मी होतो तसाच आहे. लोक बरणी हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "बाप्पा, अजून जसंच्या तसं हाय!" ते कौतुकानं म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

पूर्वी असं नव्हतं. काळ्या मातीचं जगणं म्हणजे फुगायचं आणि भेगाळायचं. पाऊस लागला की आम्ही नुसतं पाणी पीत सुटायचो, इतकं की माणसाची चप्पल आमच्यात रुतून राहायची. उन्हाळ्यात आकसायचो आणि वावरात अशा भेगा पडायच्या, की शेळीचं पिलू त्यात पाय अडकवून ओरडत बसायचं. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या शेतीची दैना झाली होती, म्हणून शहरातून पेपरवाले यायचे. एकजण भेगेत कोपरापर्यंत हात घालून बसला आणि दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. या भेगा आम्हाला दरवर्षी पडतात आणि दरवर्षी बुजतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

बाकी ज्या बातम्यांसाठी ते यायचे, त्या गावात इतक्या झाल्या होत्या की लोक "कोणाच्या घरी?" एवढं विचारायचे आणि गुरं सोडायला निघून जायचे. मी तेव्हा साधं ओलं-सुकं होणारं ढेकूळ होतो. माणसं अशी का वागतात ते मला कळायचं नाही. आता कळतं.

माझी मूळ जागा महादेवरावांच्या विहिरीच्या काठावर. महादेवराव म्हणजे कौशल्याबाईंचे यजमान. विहीर त्यांच्या आजोबांनी नाल्याच्या कडेला खोदलेली. आमचा हा भाग खारपाणपट्ट्यात येतो, अकोला आणि अमरावतीच्या मधला. इथं जमिनीत कुठंही खोदलं तरी खारं पाणी लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा चहा फाटतो, आणि तुरीची डाळ तर शिजतच नाही. सकाळी चुलीवर ठेवा, संध्याकाळी उतरवा, दाणा टणक तो टणकच. तूर वावरात पिकते आणि घरात शिजत नाही, अशी आमची गंमत.

महादेवरावांच्या विहिरीत मात्र गोडं पाणी होतं. नाल्यातून झिरपलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहायचं, तेवढाच थर. गाव तिला डाळीची विहीर म्हणायचं. प्रत्येक घराला रोज एक घडा, आणि तो फक्त डाळीसाठी. प्यायला नळयोजनेचं पाणी आठवड्यातून येईल तेव्हा, आंघोळीला खारं. डाळीच्या घड्यातलं पाणी कोणी तहान लागली म्हणून प्यायचं नाही, आजारी माणूस सोडून. नवी सून गावात आली की सासू तिला पहिल्यांदा या विहिरीवर आणायची आणि शिकवायची, की बादली वरच्यावर बुडवायची, खाली जाऊ द्यायची नाही, तळ ढवळला की खारं वर येतं. मी काठावर पडून अशा कितीतरी सुना पाहिल्या. काहीजणी दोर सोडताना माझ्यावरच पाय रोवायच्या.

कौशल्याबाई सकाळी विहिरीवर उभ्या असायच्या. तोंडानं फटकळ बाई. कोणी दुसरा घडा भरायला गेलं की म्हणायच्या, "काहून वं, पाव्हणे आले का घोडे आले?" पण खरंच पाहुणे असले तर स्वतः भरून द्यायच्या. त्यांच्याजवळ सोनं-नाणं फार नव्हतं. या विहिरीच्या जोरावर त्या गावात ताठ चालायच्या, आणि ते मला आवडायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली. अकोल्याला जठारपेठेत खोली करून ती रसायनशास्त्र शिकली आणि मग समुद्रात विहिरी खोदणाऱ्यांना चिखल पुरवणाऱ्या एका कंपनीत लागली. चिखल हाच तिथला शब्द. तेलासाठी समुद्राच्या तळाशी भोक पाडतात, तेव्हा त्या भोकात पातळ चिखल सोडत राहावा लागतो. तो खोदलेले तुकडे वर घेऊन येतो आणि भोकाच्या भिंतींना आतून दाबून धरतो. त्यात काय किती घालायचं, हे बघायचं प्रणालीचं काम. महादेवराव हे पारावर सांगायला गेले तेव्हा लोक हसून हसून लोळले. "चिखलच कालवाचा होता तं अथी काय कमी होता, महादेवराव?" शालिकराम म्हणाला होता. महादेवरावही हसले होते.

एका दिवाळीला प्रणाली घरी आली. परत जायच्या दिवशी ती विहिरीवर आली, इकडं तिकडं बघितलं आणि मला उचलून पिशवीत घातलं.

"माती काहून नेऊन राहिली वं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"कामाले लागते, आई."

"तुह्या समुद्रात माती नाई भेटत?"

"भेटते. पण तिच्यासंगं बोलता येत नाई."

अशा रीतीनं मी गाव सोडलं. रेल्वे, मग मोटार, मग हेलिकॉप्टर. समुद्रातला तो लोखंडी फलाट कायम थरथरत असायचा आणि तिथं दिवस-रात्र सारखाच आवाज. प्रणालीच्या छोट्या प्रयोगशाळेत मला टेबलावर ठेवलं. समोर मोठी हलती चाळण होती. तिच्यावर खालून आलेले दगडाचे तुकडे पडायचे, काळपट, पापुद्र्यापापुद्र्याचे. त्याला तिथं शेल म्हणतात. तो दगडही मुळात चिखलच, फक्त समुद्राखाली युगानुयुगं दाबला गेलेला. मला ते तुकडे बघून गावची मंडळी भेटल्यासारखं वाटलं. पाणी दिसलं की तेही आमच्यासारखेच पिऊन फुगतात.

आणि तेच तिथं चाललं होतं. शेलच्या थरातून भोक जात होतं आणि भिंत चिखलातलं पाणी पिऊन फुगत होती. चाळणीवर भिंतीचे ढलपे यायला लागले. मग खोदणारा पाइप खालीच अडकला. वर येईना, खाली जाईना. विहीर सोडून द्यावी लागेल अशी बोलणी सुरू झाली. प्रणालीनं आधीच पोटॅश वाढवायला सांगितलं होतं, पण तिच्या वरिष्ठांना ते पटत नव्हतं.

तिनं मला हातात घेतलं आणि मधोमध फोडलं. दुखलं. तेव्हा दुखायचं. माझा अर्धा भाग तिनं साध्या पाण्याच्या भांड्यात टाकला आणि दुसरा, म्हणजे मी, पोटॅश घोळलेल्या पाण्यात. शेतात कापसाला घालतात तोच पोटॅश, फक्त स्वच्छ पांढरा.

"ही माझ्या गावची माती आहे, सर," ती म्हणाली. "ही पाण्यात कशी वागते ते मी जन्मापासून बघतेय. तुमचा शेल हिच्याहून वेगळा नाही."

माझ्या दुसऱ्या अर्ध्याला बुडबुडे आले. तो फुगला, त्याच्या कडा सुटल्या आणि थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी नुसता गाळ राहिला. मी शेजारच्या भांड्यातून बघत होतो. प्रणालीनं तो गाळ नंतर समुद्रात ओतला. पूर्णा तापीला मिळते आणि तापी समुद्राला, तेव्हा तो कधीतरी तिथं पोचलाच असता. मी त्याच्याबद्दल फार विचार करत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. काळ्या मातीच्या अंगात पोळीसारखे पदर असतात, फार बारीक. पदरांच्या मध्ये पाणी शिरतं म्हणून आम्ही फुगतो. पोटॅशचा कण बरोबर त्या पदरांमधल्या खाचेएवढा असतो. तो आत येऊन बसला की पदर एकमेकांना घट्ट चिकटतात, मग पाण्याला वाट उरत नाही. हे सगळं प्रणालीनं नंतर महादेवरावांना समजावून सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. तिनं हेही सांगितलं, की एकदा आत बसलेला पोटॅश मग सहजासहजी निघत नाही. मला स्वतःला एवढंच आठवतं, की आधी अंगभर चुरचुरलं. मग चुरचुरणं थांबलं. त्यानंतर काहीच नाही.

आणखी एक गोष्ट झाली. पोटॅश आत आला तेव्हा त्यानं माझ्या पदरांत बसलेला चुना बाहेर ढकलला. तो भांड्यातल्या पाण्यात उतरला. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, पाण्याकडं कोणी बघितलं नाही. समुद्रातल्या विहिरीतलं पाणी कोण पितं?

चिखलात पोटॅश वाढवला, भिंतीवर लेप धरणारं डिंकासारखं औषध घातलं आणि ढलपे पडायचे थांबले. पाइप सुटला. प्रणालीला सगळ्यांनी शाबासकी दिली. पुढच्या सुट्टीत ती मला त्याच पाण्यासकट बरणीत घालून घरी घेऊन आली.

मग माझे मिरवायचे दिवस सुरू झाले. महादेवराव येईल-जाईल त्याला बरणी दाखवायचे. "हे पाय, आपल्या विहिरीवरचं ढेकूळ हाय. पाण्यात हाय का नाई? विरघळलं का? नाई विरघळलं. आमच्या प्रणालीनं केलं हे." शालिकरामनं बरणी हलवून बघितली, उलटी करून बघितली आणि जपून खाली ठेवली. चिखलावरून हसणं तेव्हापासून बंद झालं. मी तेव्हाच सुन्न झालो होतो, पण महादेवरावांचा चेहरा बघून बरं वाटायला हवं, एवढं मला कळत होतं.

पुढच्या पावसाळ्यात डाळीची विहीर ढासळली.

वरच्या भागाला दगडी बांधकाम होतं, खाली मात्र नुसती काळी माती. दर पावसाळ्यात फुगून, दर उन्हाळ्यात आकसून तिनं धर सोडला होता. एका बाजूचा मोठा धस आत पडला आणि वरचं बांधकाम अधांतरी राहिलं. आणखी एका पावसाळ्यात सगळीच विहीर बुजली असती. नवी विहीर खोदायची म्हटलं तर गोडं पाणी त्याच जागी लागेल याचा भरवसा नाही. अब्दुल रहीम विहिरींत सिमेंटच्या कड्या बसवायचे, त्यांना बोलावलं. त्यांनी उतरून भिंतीला हात लावला तर हाताबरोबर माती आली.

"कड्या बसवतो, महादेवराव, पन भिंतीनं थांबलं पायजे ना," वर येऊन ते म्हणाले. "मी खाली असतानी हे आंगावर आलं तं माह्या पोरायनं कोणाकडं पाहावं?"

कौशल्याबाई ओट्यावर बसून होत्या. त्या दिवशी त्या कोणाला फटकळ बोलल्या नाहीत. विहीर गेली तर गावातली डाळ गेली, आणि ती आपल्या दारातून गेली, हे त्यांना लागलं होतं. त्यांनी प्रणालीला फोन लावला. "तू समुद्रातल्या विहिरी वाचवतं म्हनतात. मंग आपली वाचव."

प्रणाली उन्हाळ्यात रजा घेऊन आली. भेगा उघड्या असतात तेव्हाच काम व्हायला हवं, म्हणजे पोटॅशचं पाणी त्यातून खोल जाईल, असं तिचं म्हणणं. तिनं मला फळीवरून उतरवलं आणि विहिरीच्या काठावर रहीमभाऊंसमोर ठेवलं. रहीमभाऊंनी माझ्यावर नखानं ओरखडलं. माती निघाली नाही.

"सुभानल्ला," ते म्हणाले. "हे असं सगळी भिंत होईन?"

"होईन, चाचा."

कौशल्याबाईंनी तेवढ्यात विचारलं, "पोरी, पाण्याचं काई नाई ना होनार?"

"पाणी वरून पावसाचं येते, आई. दोन पावसात सगळं धुऊन जाईन."

तिनं हे लपवाछपवीनं नाही सांगितलं. तिला खरंच तसं वाटत होतं. ती जिथं काम करायची तिथं विहीर वाचवायची म्हणजे भिंत वाचवायची. रोज तेच करून तिच्या डोळ्यांना भिंतच दिसायची.

दर्यापूरहून पोटॅशची पोती आली. पिंपातल्या पाण्यात पोटॅश घोळला. रहीमभाऊंनी विहिरीभोवती सब्बलीनं खोल भोकं पाडली, भेगा आणि भोकं पाणी पिऊन घेत राहिली. दोरानं फळी सोडून, तिच्यावर बसून त्यांनी आतल्या भिंतीलाही डिंक मिसळलेलं तेच पाणी मारलं. गावच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. माणिकबाई म्हणाली, "आपल्या विहिरीले बी इंजेक्शन देऊन राहिले आता." सगळ्या हसल्या. कौशल्याबाईही हसल्या. कितीतरी दिवसांनी.

भिंत खरोखर थांबली. रहीमभाऊंनी खालपर्यंत कड्या बसवल्या. पावसाळा आला, नाला वाहिला, विहीर भरली आणि एक चिमूट माती आत पडली नाही. महादेवरावांनी नारळ फोडला. त्यासाठी पुन्हा आलेली प्रणाली खोबऱ्याचा तुकडा खात खात विहिरीत वाकून बघत होती. मी तिच्या हातातल्या बरणीत होतो. ती मला म्हणाली, म्हणजे स्वतःशीच म्हणाली, "झालं बाप्पा." आणि नोकरीवर परत गेली.

विहीर चालू झाली. बाया घडे घेऊन आल्या, बादल्या वरच्यावर बुडवल्या. कौशल्याबाई काठावर उभ्या राहिल्या, पहिल्यासारख्या ताठ.

दुपारी माणिकबाई पातेलं घेऊन आली. ओट्यावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत डाळ होती. पाण्यात दाणे स्वच्छ वेगवेगळे दिसत होते.

"सकाळपासून चुलीवर हाय," ती म्हणाली. भांडायला आली नव्हती, त्यामुळं आणखीच वाईट वाटत होतं. "म्या म्हनलं आपली डाळच जुनी असन. मंग पार्बताबाईच्या घरी गेली. तिच्या बी चुलीवर हेच."

कौशल्याबाईंनी एक दाणा घेऊन बोटात दाबला. तो दबला नाही. त्यांनी स्वतःच्या चुलीवरचं पातेलं उतरवून बघितलं. तिथंही तेच. मी फळीवर होतो, त्यांच्या पाठीमागं. मला त्या क्षणी कळलं काय झालं ते. जे माझ्या बरणीत झालं तेच विहिरीत झालं होतं. भिंतीत पोटॅश बसला आणि भिंतीतला चुना पाण्यात उतरला. ज्या पाण्यात चुना जास्त, त्यात डाळ शिजत नाही. मला ओरडावंसं वाटलं का? नाही. मला काहीच वाटलं नाही. तेच तर सांगतोय.

संध्याकाळी फोन झाला. प्रणालीनं पाणी मागवलं, एका ओळखीच्या माणसाबरोबर बाटली गेली. तिनं प्रयोगशाळेत तपासलं आणि परत फोन केला. कौशल्याबाईंनी मोबाइल फळीवर माझ्याशेजारी ठेवून त्याचा आवाज मोठा केला होता, कारण हाताला पीठ होतं.

"आई," ती म्हणाली, "मी बरणीतलं ढेकूळ पाहिलं. बरणीतलं पाणी पाहिलंच नाई."

"मंग आता?"

"उपसून टाका सगळं. नवं पाणी येऊ द्या."

मोटर लावून विहीर उपसली. पाणी परत आलं, ते भिंतीतूनच झिरपत आलं. पुन्हा उपसली. उपसून उपसून वरचा गोडा थर गेला आणि खालचं खारं वर आलं. बाया ज्या विहिरीत बादली खाली जाऊ देत नव्हत्या, त्या विहिरीचा तळ मोटरनं ढवळून निघाला. आता पाणी जिभेलाही खारट लागतं. भिंत मात्र एवढी मजबूत आहे, की रहीमभाऊ अजूनही नव्या गिऱ्हाइकांना ती दाखवायला आणतात आणि पाण्याचा विषय काढत नाहीत.

कोणी भांडलं नाही. गावानं तेवढी वर्षं बरंच काही सोसलं होतं, त्यात हे एक. बायांनी डाळ खलबत्त्यात कुटून, सोडा घालून शिजवायला सुरुवात केली. सोड्यानं तिचा रंग जातो आणि चवही जाते. पुढं गावात शुद्ध पाण्याच्या कॅनची गाडी यायला लागली, ज्यांना परवडतं ते घेतात. डाळीचा घडा ठेवायची तिवई घराघरांतून निघाली. सुना येतात, पण त्यांना विहिरीवर कोणी आणत नाही. कौशल्याबाईंना सकाळी काम उरलं नाही. त्या उशिरापर्यंत अंथरुणावर बसून राहायला लागल्या. महादेवराव बरणी आता कोणाला दाखवत नाहीत.

प्रणाली गावात यायची बंद झाली. सुट्टीत जठारपेठेपर्यंत येते, तिथं मैत्रिणीकडं उतरते, आई-बापांना तिथंच बोलावते. महादेवराव एसटीनं जाऊन भेटून येतात. कौशल्याबाई एकदाच गेल्या. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "कशी हाय पोरगी?" तर म्हणाल्या, "हाय. जेवते, बोलते. पन आत काई जात नाई तिच्या." मी फळीवरून ऐकलं. माझ्याबद्दल बोलतायत असं मला वाटलं.

दर पावसाळ्याच्या शेवटी एक गोष्ट व्हायची. कौशल्याबाई विहिरीवर जायच्या, बादली वरच्यावर बुडवायच्या आणि त्या पाण्यात मूठभर डाळ चुलीवर ठेवायच्या. सोडा नाही, कुटणं नाही. संध्याकाळी एक दाणा बोटात दाबून बघायच्या. मग फोन यायचा. प्रणाली दुसरं काही विचारायची नाही.

"शिजली?"

"नाई."

"बरं." आणि फोन बंद व्हायचा. तिच्या आवाजात रडं नसायचं, रागही नसायचा. असता तर बरं झालं असतं, असं कौशल्याबाई एकदा भिंतीकडं बघत म्हणाल्या होत्या.

यंदाही विहीर भरली. यंदाही त्यांनी डाळ ठेवली. यंदा महादेवरावांची तब्येत बरी नाही, ते आतल्या खोलीत पडून असतात आणि अधूनमधून विचारतात, "पोरगी कवा येते?" कौशल्याबाईंनी संध्याकाळी पातेलं उतरवलं, दाणा घेतला आणि दाबला. मी अगदी समोर होतो. दाणा त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर टकटक करत लांब गेला.

फोन वाजला.

"शिजली?"

कौशल्याबाई जन्मभर जे असेल ते तोंडावर सांगत आल्या होत्या. नवऱ्याला, जावांना, तहसीलदारालासुद्धा. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"शिजली वं माय," त्या म्हणाल्या. "पार गरगट झाली. ये आता."

मातीत बसलेला पोटॅश असा सुटत नसतो, हे याच घरात बापाला समजावून सांगितलं होतं ते प्रणालीनंच.

"गोड लागते?" तिनं विचारलं.

"गोड लागते."

"मंग येते, आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच तुटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुटला. "दिवाळीले येते."

फोन ठेवून कौशल्याबाईंनी ती डाळ ताटात वाढून घेतली, वर मीठ घातलं आणि खायला बसल्या. दातांखाली दाणे वाजत होते. शेवटचा दाणा संपेपर्यंत त्यांनी खाल्ली. मग उठून डोळे पुसले आणि शुद्ध पाण्याच्या गाडीवाल्याला दिवाळीच्या आठवड्यात रोज एक कॅन टाकायला सांगायला बाहेर गेल्या.

काल त्यांनी स्वयंपाकघर झाडलं आणि माझी बरणी पिठाच्या डब्याच्या मागं सरकवली, पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून. इथं अंधार आहे. माझी तक्रार नाही, मला तक्रार करता येत नाही.

पण वाचणाऱ्या बाप्पा, तुम्ही या घरात कधी आलात तर माझं एक काम करा. मला पिठाच्या डब्याच्या मागून काढा. प्रणालीच्या समोर झाकण उघडा, हे जुनं पाणी फेकून द्या आणि मला पागोळीखाली अंगणात ठेवा. पहिल्या पाण्यात काही होणार नाही. दुसऱ्यातही नाही. तिला धीर धरायला सांगा. कधीतरी एखादा पदर उघडेल, मी फुगेन, मला तडा जाईल, मी चिखल होऊन वाहून जाईन. दुखेल, बहुतेक. दुखू द्या.